कचरा होतो तो मिसळल्यामुळे

रात्रीची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की सिंकखालच्या डब्यात काय काय साठलेलं असतं ते एकदा झाकण उघडून बघा. कोथिंबिरीच्या काड्या, कांद्याची सालं, चहाचा चोथा, दुधाची रिकामी पिशवी, फरसाणाचं पाकीट, गोळ्यांची संपलेली पट्टी, मुलाच्या वहीतून फाडलेली दोन पानं. यातल्या बहुतेक वस्तू वेगळ्या उचलल्या तर त्यांचं काहीतरी करता येतं. काड्या-सालांचं खत होतं, पिशवी धुऊन वाळवली तर भंगारवाला घेतो, पानं रद्दीत जातात. मग कोणीतरी पातेल्याच्या तळाशी उरलेली वाटीभर आमटी त्याच डब्यात ओततं. कागद भिजतो, पिशवी बरबटते, पाकिटात चोथा शिरतो. त्या क्षणापर्यंत डब्यात सात वस्तू होत्या. आता कचरा आहे.

टाकलेल्या वस्तूचं पुढे काय होतं, हा प्रश्न विचारला की आपण ती वस्तू कशाची बनली आहे ते बघतो. प्लास्टिक वाईट, कागद चांगला, काच बरी. ते खोटं नाही. पण त्याहून जास्त फरक पडतो तो ती वस्तू कशात मिसळली यामुळे. काही मिसळणं आपल्या डब्यात होतं, काही त्याच्या कितीतरी आधी कारखान्यात झालेलं असतं.

तांदळाच्या डब्यात मुगाची डाळ सांडली की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सांडायला क्षण पुरतो. वेगळं करायला ताट घेऊन खिडकीपाशी बसावं लागतं, अर्धा तास जातो, मान दुखते. सृष्टीचा नियमच आहे तो: मिसळणं आपोआप होतं, वेगळं होणं आपोआप होत नाही. त्यासाठी बाहेरून कष्ट घालावे लागतात, हाताचे नाहीतर यंत्राचे. आपल्याकडे या कष्टांना एक नेमका शब्द आहे, निवडणं. तांदूळ निवडायचे, मेथी निवडायची, शेंगदाण्यातले खवट दाणे निवडायचे. घरातलं हे काम कोणाच्या वाट्याला येतं आणि त्याची मोजदाद कुठेच कशी होत नाही, हेही आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. शहराच्या कचऱ्याची गोष्ट म्हणजे हीच गोष्ट, फक्त ताट फार मोठं आहे.

उकिरडा आणि गोधडी

उकिरड्याची दैना बारा वर्षांनीही फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्यांनी उकिरडा पाहिलेला नाही त्यांना ती कळणं अवघड आहे. घरामागच्या खड्ड्यात शेण, गोठ्यातला काडीकचरा, चुलीतली राख, खरकटं, जेवणावळीच्या पत्रावळी नि द्रोण वर्षभर पडत राहायचे. मृगाच्या आधी तो खड्डा उकरून गाड्या भरायच्या आणि शेतात रिकाम्या करायच्या. उकिरड्यातही सगळं मिसळलेलंच असे. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुजणारी होती. सगळ्यांची वाट एकच असल्यामुळे त्यांना निवडून वेगळं करायची गरजच नव्हती.

गावाकडे सगळं छान होतं असं मला म्हणायचं नाही. उकिरड्यावर माश्या घोंगावायच्या, रोगराई पसरायची, आणि मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम गावाने काही जातींवर लादलेलं होतं. ती दैना बारा वर्षांनीही फिटली नाही.

कापडाचंही तसंच. सुती नऊवारी विरली की तिचे काठ काढून उरलेल्याची दुपटी व्हायची, लंगोट व्हायचे. मग गोधडीच्या आतल्या थरात ती जायची. गोधडीही फाटली की तिचं पायपुसणं नाहीतर पोतेरं, आणि शेवटी ती चिंधी चुलीत. एकच सूत असल्यामुळे फाडायला, शिवायला, कुजायला, जाळायला कुठेच अडचण नव्हती. पण या सगळ्यामागचा हिशेबही सरळ बघितला पाहिजे: कापड महाग होतं आणि बाईचा वेळ फुकट होता. एक गोधडी घालायला कित्येक दुपारी जातात. त्या दुपारांचे पैसे कोणी मोजले नाहीत, म्हणून गोधडी ‘काटकसर’ ठरली.

मग आपण टाकतो का?

कारण तो हिशेब आता उलटला आहे. वस्तू स्वस्त झाली आणि वेळ महाग झाला. याला आळस म्हणणं मला पटत नाही. आठ तासांची नोकरी, दोन तासांचा प्रवास आणि दोन खोल्यांचं घर असलेल्या माणसाने तुटकी छत्री ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवायची कुठे?

आमच्या कोपऱ्यावर मिक्सर-कुकर दुरुस्त करणारे एक काका बसतात. परवा मी मिक्सर घेऊन गेले. मोटर फिरत होती, भांड्यातलं पातं फिरत नव्हतं. काकांनी मिक्सर उचलून उजेडात धरला आणि मोटर आणि भांडं यांना जोडणारा वरचा काळा कपलर बोटाने फिरवून दाखवला. त्याचे दाते झिजून गुळगुळीत झाले होते. जुना काढून नवा बसवायला पाच मिनिटं लागली. मग त्यांनी यंत्र उलटं करून स्क्रू सोडले आणि आतला कार्बन ब्रश दाखवला, करंगळीच्या नखाएवढा एक चौकोनी काळा तुकडा. हाही झिजतो, हाही बदलता येतो. “ताई, लोक म्हणतात मिक्सर गेला. मिक्सर नाही जात, यातलं एखादं जातं,” काका म्हणाले. वीस वर्षांचा मिक्सर पुन्हा चालतो, कारण तो स्क्रूने जोडलेला आहे. जोडलेलं सोडवता येतं.

आता घरातला एलईडी बल्ब घ्या. आत एका चकतीवर छोटे छोटे दिवे एकापुढे एक साखळीने जोडलेले असतात. पुष्कळदा त्यातला एकच जळतो, साखळी तुटते आणि अख्खा बल्ब बंद पडतो. बाकीचे दिवे चांगले असतात. पण वरचं पांढरं झाकण चिकटवलेलं, आत अ‍ॅल्युमिनियम, त्याला घट्ट लपेटलेलं प्लास्टिक, मध्ये सर्किटची पट्टी. काका तो घेत नाहीत. भंगारवालाही फारसा उत्सुक नसतो, कारण चिमूटभर अ‍ॅल्युमिनियमसाठी एवढं फोडत बसणं त्याला परवडत नाही. कानात घालायचे बिनवायरचे इअरफोन याच्याही पुढचे. त्यांची बॅटरी डिंकाने बंद केलेल्या कवचात असते. दोन-तीन वर्षांत ती थकते आणि तिच्याबरोबर सगळंच जातं.

हे कारखान्यातलं मिसळणं आहे. स्क्रूपेक्षा डिंक स्वस्त पडतो, जोडणी झटपट होते, वस्तू सडपातळ दिसते, पाणी आत जात नाही. बनवणाऱ्याची कारणं खरी असतात. फक्त सोडवण्याचा खर्च त्याच्या वहीत कुठेच येत नाही, तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडतो. फ्रान्सने २०२१ पासून फोन, लॅपटॉप, धुलाई यंत्र अशा काही वस्तूंवर ‘ही दुरुस्त करायला किती सोपी’ याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं, ते याचसाठी. आपल्याकडे २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केलं, त्यावर कंपन्यांनी सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती द्यायची आहे. सुरुवात चांगली आहे. पण घेताना खोक्यावर गुण दिसणं आणि बिघडल्यावर संकेतस्थळ शोधत बसणं, यांत फार अंतर आहे.

पाकिटाचे तीन पदर

कारखान्यातल्या मिसळणीचा कळस म्हणजे वेफर्सचं पाकीट. ते कात्रीने कापून आत बघितलं की चंदेरी चकाकी दिसते. बाहेर छपाईचा प्लास्टिकचा पापुद्रा, आत पुन्हा प्लास्टिक, आणि दोन्हींच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा थर, इतका पातळ की केसाची जाडी त्याच्या हजारो पट भरेल. हा थर प्रकाश, वाफ आणि प्राणवायू अडवतो. आत नायट्रोजन भरतात. म्हणून तेलातले वेफर्स महिनोन्‌महिने खवट होत नाहीत आणि मुंबईत भरलेलं पाकीट गडचिरोलीच्या टपरीवरही कुरकुरीत निघतं. काम म्हणून बघितलं तर ही वस्तू अफाट हुशारीने बनवलेली आहे.

पण हे पदर एकमेकांपासून सोडवायला ना कचरा वेचणाऱ्या मावशीची नखं पुरतात, ना धारावीतल्या भंगार-कारखान्यांची यंत्रं. वितळवलं तर धड प्लास्टिक होत नाही, धड धातू होत नाही. म्हणून भंगाराच्या दुकानात त्याला भाव नाही. भंगार किलोवर विकलं जातं. याच जातीची, एखाद-दुसऱ्या ग्रॅमची शाम्पूची रिकामी पुडी एक किलो होईपर्यंत माणसाला शेकडो वेळा वाकावं लागेल, आणि वाकूनही ती कोणी विकत घेणार नाही. म्हणून ती नाल्यात, शेताच्या बांधावर, गडाच्या पायवाटेवर पडून राहते. गोळा झालीच तर सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या जोडीला जाते, जिथला माल चौदाशे अंशांच्याही वर तापतो. तिचा जाळ होतो, तिचं पाकीट पुन्हा कधी होत नाही.

याच्या उलट पेयाचा अ‍ॅल्युमिनियमचा कॅन. जुनं अ‍ॅल्युमिनियम वितळवून नवं करायला, खनिजापासून बनवण्याच्या मानाने सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. म्हणून लग्नाच्या हॉलबाहेर कॅन पडला की तो तासाभरात उचलला जातो. धातू तोच. एकीकडे सुटा, दुसरीकडे चिकटवलेला.

बोहारीण कपडे कुठे नेते

दुपारच्या वेळी भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन येणारी बोहारीण आता शहरात कमी दिसते, पण संपलेली नाही. दोन पँटी, एक जरीची साडी आणि तीन शर्ट देऊन एक स्टीलचं पातेलं. घासाघीस चालू असताना तिच्या हाताकडे बघा. ती शर्टाची कॉलर उलटते, बगलेतली शिवण ताणून बघते, पँटीचा गुडघा उजेडात धरते. साडीचा काठ चुरगाळून जर खरी की प्लास्टिकची ते बघते, कारण खऱ्या जरीत चांदी असते आणि ती जाळून काढता येते. आपण जे ‘जुने कपडे’ म्हणून एका गाठोड्यात बांधतो, त्याचे तिच्या डोक्यात तिथल्या तिथे चार-पाच ढीग पडलेले असतात.

या धंद्यात वाघरी समाजाच्या बायका मोठ्या संख्येने आहेत. दिल्लीत रघुबीर नगरला त्यांचा बाजार पहाटे अंधारात भरतो. चांगला कपडा धुऊन, रफू करून, इस्त्री करून आठवडी बाजारात जातो आणि एखाद्या मजुराच्या अंगावर आणखी दोन वर्षं काढतो. फाटका पण सुती असेल तर त्याच्या चिंध्या होतात, छापखान्यात आणि गॅरेजमध्ये यंत्रं पुसायला, कारण सूत तेल शोषतं. लोकरीचं असेल तर त्याची वाट पानिपतकडे.

पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ आठवतं. आजच्या पानिपतात जगभरातले टाकलेले स्वेटर आणि कोट येतात. जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा धागा काढायची युक्ती इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या बॅटली गावी १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ याने काढली. त्या गावातला हा धंदा कधीच आटला आणि पानिपतात तो उभा राहिला. बायका जमिनीवर बसून, विळीसारख्या उभ्या पात्यावर कोटांची बटणं, चेन, अस्तर, लेबलं कापून काढतात. मग रंगवार लावतात, म्हणजे लालाचा ढीग वेगळा, निळ्याचा वेगळा. रंग नीट निवडले की पुन्हा रंगवावं लागत नाही. त्यानंतर यंत्र त्या कपड्यांच्या चिंधड्या करून तंतू मोकळे करतं. फाडताना तंतू तुटून आखूड होतात, म्हणून थोडे नवे तंतू मिसळून त्यांचं सूत काततात आणि घोंगड्या विणतात. भूकंप-पुराच्या वेळी छावण्यांमध्ये वाटल्या जाणाऱ्या करड्या घोंगड्या वर्षानुवर्षं इथून गेल्या आहेत. आता पॉलिएस्टरच्या मऊ, स्वस्त ब्लँकेटांनी या धंद्याला मोठा धक्का दिला आहे.

आणि आपले आजचे कपडे? अर्धं सूत, अर्धं पॉलिएस्टर, ताणलं जावं म्हणून जीन्समध्ये दोन टक्के लायक्रा. चिंधी म्हणून तेल नीट शोषत नाही, फाडायला घेतलं तर लायक्रा रबरासारखी यंत्रात गुंडाळते. कुजतं तेही अर्धंच. त्या दोन टक्क्यांसाठी बाकीचे अठ्ठ्याण्णव टक्के अडून बसतात.

पाण्यात तरंगतं ते वेगळं, बुडतं ते वेगळं

‘प्लास्टिक’ हा एकच शब्द आपण वापरतो, पण भंगाराच्या दुकानात तो कोणी वापरत नाही. तिथे दुधाची पिशवी वेगळी, पाण्याची बाटली वेगळी, बादली-खुर्चीचा माल वेगळा, तसंच पत्रा वेगळा, बीड म्हणजे ओतीव लोखंड वेगळं, जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम वेगळं. प्लास्टिकच्या या जाती एकमेकींत वितळत नाहीत. प्रत्येकीचं वितळण्याचं तापमान निराळं, स्वभाव निराळा. मिसळून वितळवल्या तर ठिसूळ, कामाला न येणारा गोळा हाती येतो.

धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये हे निवडण्याचं काम माणसं हाताने करतात. तुकडा वाकवून त्याचा आवाज ऐकतात, नखाने ओरखडा काढतात, कडा पेटवून धुराचा वास घेतात. मग पाण्याचा हौद. दुधाच्या पिशवीचं आणि बादलीचं प्लास्टिक पाण्याहून हलकं असतं, ते तरंगतं. पाण्याच्या बाटलीचं, म्हणजे पेटचं, जड असतं, ते तळाशी जातं. इतकं सोपं आणि इतकं बिनखर्ची. पण पेटबरोबर पीव्हीसी, म्हणजे नळाच्या पाइपांचं प्लास्टिक, तेही बुडतं, कारण दोघांचं वजन जवळजवळ सारखं आहे. आणि वितळवताना पीव्हीसीतून आम्ल सुटतं, त्यामुळे मूठभर पीव्हीसी पोतंभर पेटचा सत्यानाश करतं. हौद इथे हात टेकतो. बाटलीभोवतीचं पीव्हीसीचं ताणून बसवलेलं लेबल कोणाला तरी डोळ्यांनी ओळखून ब्लेडने काढावंच लागतं. वाकून, बिनहातमोज्यांचं, दिवसभर. त्या धुरात श्वास घेऊन.

डोंगराच्या पोटात

आता ओल्या कचऱ्याकडे येते, कारण आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास तोच असतो आणि सगळ्यात मोठं नुकसान त्याच्या मिसळण्याने होतं.

भाजीची सालं सुट्या हवेत, वाळक्या पानांच्या थरात ठेवली तर हवा लागणारे जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात. ढीग चांगला मोठा असेल तर आतलं तापमान पन्नास-साठ अंशांवर जातं. हात घातला तर चटका बसतो. काही आठवड्यांत मातीचा वास येणारं काळं खत तयार. घाण वास येत असेल तर समजायचं की ओल जास्त झाली आणि हवा कमी पडली. मूठभर वाळका पाला घालून ढवळलं की वास जातो. यात एवढंच शास्त्र आहे.

तीच सालं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, शेकडो टनांच्या ढिगाखाली गाडली गेली की हवा संपते. मग दुसऱ्याच जातीचे सूक्ष्मजीव कामाला लागतात, ज्यांना हवा चालत नाही. ते मिथेन सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, वीस वर्षांच्या हिशेबाने ८० पटींच्या आसपास. शिवाय तो पेट घेतो. कुजण्यातून झिरपणारं काळं पाणी बॅटऱ्या, रंग, औषधं यांतून विरघळलेलं सगळं सोबत घेऊन जमिनीत उतरतं.

मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा टाकला जातो. तिथे दहा-बारा मजल्यांएवढे डोंगर झाले. २०१६ च्या जानेवारीत हा डोंगर पेटला, तेव्हा धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पाणी मारूनही आग वरून विझायची आणि आतून धुमसत राहायची, कारण जळत होता तो पोटातला मिथेन. गोवंडी-शिवाजीनगरची लेकरं दिवसचे दिवस तो धूर श्वासात घेत होती. त्यांच्या घरातून निघणारा कचरा मलबार हिलच्या एका फ्लॅटमधून निघणाऱ्या कचऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही.

मग जाळूनच टाकावा, वीजही मिळेल, असं दरवेळी कोणीतरी म्हणतं. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डेन्मार्कच्या मदतीने नेमकं हेच केलं. रोज ३०० टन कचरा जाळून वीज करायचा कारखाना. तो २१ दिवस चालला. भट्टी युरोपातल्या कोरड्या, कागद-प्लास्टिकने भरलेल्या कचऱ्यासाठी बांधलेली होती आणि आपला कचरा भाजीची देठं, खरकटं आणि मातीने ओला. ओलं लाकूड चुलीत घातल्यावर काय होतं ते कोणत्याही आजीने सांगितलं असतं. नंतर मुंबई, पुणे, दिल्लीत पुष्कळ प्रकल्प आले, काही चालले, काही रखडले. अडतं ते बहुतेक वेळा इथेच.

गाठ

कचरा वेगळा करून द्या, हे कायद्याने कधीचंच सांगितलं आहे. कार्यकर्त्या अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून २००० साली घनकचऱ्याचे नियम आले, मग २०१६ चे आले. ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा करणं हे आपलं, घरातल्या माणसांचं काम, असं २०१६ च्या नियमांत स्वच्छ लिहिलं होतं.

प्रत्यक्षात ते काम कोण करतं ते पुण्यात बघायला मिळतं. १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांच्या साथीने कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्यातल्या बहुसंख्य बायका दलित समाजातल्या. ओळखपत्र मिळेपर्यंत त्यांना रस्त्यात चोर म्हणून हटकलं जायचं. पुढे २००८ पासून ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते. घरांकडून महिन्याचं शुल्क आणि सुका कचरा विकून येणारे पैसे, ही त्यांची कमाई. म्हणजे आपण आमटी ओतून जो कागद भिजवतो, तो कोणाच्या तरी मजुरीतून वजा होतो.

आमच्या सोसायटीत येणाऱ्या मावशी जिन्याखाली चटईचा तुकडा अंथरून निवडायला बसतात. एकदा मी मोठ्या प्रामाणिकपणे सगळा ओला कचरा पिशवीत घालून, घट्ट गाठ मारून दिला. त्या म्हणाल्या, “ताई, गाठ नका मारत जाऊ. सोडायला वेळ जातो.” मी घरी येऊन हिशेब केला. मावशींकडची सगळी मिळून दोनशे घरं, एका गाठीला दहा सेकंद. रोज अर्ध्या तासाहून जास्त वेळ नुसत्या गाठी सोडण्यात. महिन्याचे सोळा-सतरा तास. आणि मी ती गाठ मारली होती ती माझ्या हाताला वास लागू नये म्हणून.

तसंच सॅनिटरी पॅडचं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी सुक्या कचऱ्यात पडते, बाहेरून कागद दिसतो, म्हणून मावशी ती उघडतात. पॅड म्हणजे कापूस, प्लास्टिक आणि पाणी धरणारी भुकटी एकत्र. त्याचं इथे पुढे काहीच होत नाही, पण उघडणाऱ्या हाताला मात्र रक्त लागतं. म्हणून पुण्यातल्या वेचक बायकांनी मोहीम काढली: पुडीवर लाल पेनाने एक ठिपका काढा. दोन सेकंदांचं काम. आमच्या सोसायटीत चाळीस घरं आहेत. मी सूचनाफलकावर चिठ्ठी लावून सहा महिने झाले, आणि मावशी सांगतात, ठिपका अकरा घरांतून येतो.

चाळण

मुंबईचा बहुतेक कचरा आता कांजूरमार्गला जातो, मुलुंडच्या क्षेपणभूमीवर कचरा टाकणं २०१८ मध्ये थांबलं. देवनारचा डोंगर अजून उभा आहे. तिथे साचलेला माल अंदाजे १.८५ कोटी टन धरून तो हटवण्यासाठी महापालिकेने २०२५ साली निविदा काढली. खर्च दोन हजार कोटींहून जास्त.

हे काम कसं करतात ते बघण्यासारखं आहे. पोकलेनने डोंगर थराथराने उकरतात, जिवाणूंचं पाणी फवारून माल वाळायला पसरतात. मग तो एका मोठ्या, फिरत्या, भोकांच्या पिंपात ओततात. चक्कीवाल्याकडची चाळण, फक्त ट्रकच्या आकाराची. दगड-विटा एका बाजूला, प्लास्टिक, चिंध्या, चपला दुसऱ्या बाजूला, आणि खाली बारीक माती. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं मिसळलेलं आता पुन्हा निवडायला घेतलं आहे. प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीकडे जातं, दगडगोटे खड्डे भरायला.

ती माती हातात घेतली तर उकिरड्यातल्या खतासारखीच दिसते. काळी, भुसभुशीत. तीही भाज्यांच्या देठांची, फुलांची, भाताची झालेली आहे. पण त्यात काचेची कणी आहे, बॅटरीतलं शिसं आहे, प्लास्टिकचे तिळाएवढे तुकडे आहेत, आणि त्यांना गाळेल अशी चाळण नाही. अशी माती तपासल्याशिवाय शेतात घालता येत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी ती सखल जागी भराव म्हणून टाकतात.